उंबऱ्याबाहेरचा वॉकर

मित्रांनो, मी एक जुना वॉकर आहे. पाय चार, पण स्वतःहून एक पाऊल टाकता येत नाही. कुणीतरी उचलून पुढं ठेवावं लागतं. मुठीचा रंग उडालाय, पायांच्या रबरी टोप्या झिजल्यात. थकलोय मी. तरी ऐका.

माझा जन्म कुठल्या तरी कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. आठवते ती बीडच्या दवाखान्यातली खाट, जिच्यापाशी हनुमाननं मला आणून उभं केलं. खाटेवर त्याची आई तुळजाबाई होती, नव्वदीच्या घरातली. न्हाणीत पाय घसरून तिचा खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं होतं. घरी सोडताना डॉक्टरांनी हनुमानला आणि त्याच्या बायकोला, सत्यशीलाला बजावलं, "या वयात एकदा हाड मोडलं की दुसऱ्यांदा मोडायला वेळ लागत नाही. आता पडू देऊ नका. वॉकर सोडून एक पाऊलही नको."

दोघांनी मनावर घेतलं. शिरूर कासारजवळच्या त्यांच्या गावी आम्ही आलो. हाडांच्या गोळ्या वेळेवर, दूध वेळेवर, न्हाणीत खडबडीत फरशी. तुळजाबाई मला धरून गल्लीतून पारापर्यंत जायला लागली. पारावरचा आश्रुबा म्हणायचा, "काकू, गाडी लई झकास हाय. आमाला बी बसवा की." ती हसायची आणि मी उगीच ताठ उभा राहायचो. माझ्या कौतुकाचे दिवस तेवढेच.

घरी परतलो की माझी जागा ठरलेली होती, उंबऱ्याबाहेर, चपलांच्या शेजारी. या घरात बाहेरचं पायताण आत येत नाही, आणि माझे पायही त्यातच धरले गेले. सत्यशीलानं एकदा मला आत घेतलं, तर सासूनं तिथंच अडवलं.

"रस्त्यावरचं शेण तुडवून आलंय ते. आत देव हायेत. ठिव तिकडं चपलीपाशी."

"पर आत्याबाई, डॉक्टर म्हनले होते..."

"घरात कुटं पडती मी. भिताडाला धरून जाती की."

सुनेनं मला उचलून पुन्हा चपलांपाशी ठेवलं. देवाचं नाव निघालं की या घरात पुढं कुणी बोलत नाही. मला तर तोंडच नाही.

देवापुढं दिवा लावणं एवढं एकच काम तुळजाबाईच्या हातात उरलं होतं आणि ते ती कुणाला देत नव्हती. रोज दिवेलागणीला तिचे घसटत जाणारे पाय मी बाहेरून ऐकायचो. माझा जीव टांगणीला लागायचा. भिंत धान्याच्या कोठीपर्यंत होती. तिथून देवघरापर्यंत धरायला काहीच नव्हतं.

एका संध्याकाळी त्याच मोकळ्या जागेत ती पडली. आधी धप्प आवाज आला, मग तिचं कण्हणं. अंगणातली सत्यशीला मला ओलांडून आत धावली.

दुसऱ्या बाजूचा खुबा मोडला होता. हे ऑपरेशन आता शरीराला झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तुळजाबाई घरी आली ती निजूनच, आणि आता बाजेवरच असते. दिवा सत्यशीला लावते.

परवा सत्यशीलानं मला गरम पाण्यानं धुतलं, कोरडं पुसलं आणि आत आणून बाजेशेजारी ठेवलं. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. तुळजाबाईनं हात लांबवून माझा पाय चाचपला. मग म्हणाली, "धुतल्यावर निघतंय की गं समदं. आपल्याला कावून सुचलं न्हाई?"

सुनेनं तोंड फिरवलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं म्हातारं माणूस हाड मोडून पुन्हा उठलं असेल. माझ्यासारखा कुणी दाराबाहेर उभा असेल, तर त्याचे पाय धुवा आणि त्याला आत घ्या. न्हाणीपर्यंत न्या, देवापर्यंत न्या. देव रागावणार नाही. मला झिजायची भीती कधीच नव्हती. बाजेशेजारी हे नुसतं उभं राहणं मात्र सोसवत नाही.