शेजारची रिकामी जागा

“मामा, परत येतो म्हणून गेला होतास ना? मग आलास का नाहीस?”

जेवणाच्या टेबलावर हा प्रश्न पडला आणि सगळ्यांचे घास हातातच राहिले. विचारणारी होती घरातली, शाळा संपत आलेली मुलगी. “तोंडावर विचारून दाखव, मग मानू तुला!” असं मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं.

मित्रांनो, खरं तर हे विचारायचा पहिला हक्क माझा. मी त्याच खोलीतल्या शोकेसमध्ये पडलेला एक जुना रबरी शिक्का आहे. माझ्यावर लिहिलंय ‘आगमन’.

मुलीची आई विमानतळावर पासपोर्ट तपासायला बसायची. विमानतळ तेव्हा एवढासा होता, येणारे-जाणारे एकाच खिडकीवर. तिच्या हाताशी आम्ही दोघं, मी आणि माझा जुळा भाऊ ‘निर्गमन’. सुरुवातीला परदेशी जाणारे मोजकेच. एक जण जायचा आणि सगळं खानदान काचेला नाक लावून उभं! येणारे बहुतेक गळ्यात कॅमेरा अडकवलेले पाहुणे. मग कामासाठी तरुण निघाले, मग शिकायला मुलं, मग बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं. भाऊ झिजून गुळगुळीत झाला, त्याचं रबर सारखं बदलावं लागायचं. माझी अक्षरं मात्र करकरीत. “तुला काय, आराम आहे बुवा!” तो चिडवायचा.

आईची एक सवय होती. जाणाऱ्याच्या पानावर ती भावाला अगदी कडेला उमटवायची आणि शेजारची जागा मोकळी सोडायची.

“ताई, पानं वाया घालवताय,” शेजारचा कारकून म्हणायचा.

“मग परत येतील तेव्हा हा कुठे बसणार? तुमच्या डोक्यावर?”

हा म्हणजे मी! केवढा फुगलो होतो मी.

तिचा धाकटा भाऊ शिकायला निघाला, तेव्हा त्याच्या पानावरही तिने तशीच जागा सोडली. तिथे बोट ठेवून तो म्हणाला, “दोन वर्षं फक्त. ही जागा माझी, ताई.”

मी वाट पाहिली. खरंच पाहिली, मित्रांनो. तो आला तेव्हा त्याची भाची शाळेत जायला लागली होती. खिडकीतून पासपोर्ट आत सरकला, तर त्याचा रंगच निराळा. दुसऱ्या देशाचा! आईचा हात थबकला.

“मुक्काम किती दिवस?” नियमच तसा, पाहुण्याला विचारावंच लागतं.

“तीन आठवडे, ताई.”

आणि मी एका परक्या, कोऱ्या पानावर उमटलो.

पुढे असेच खूप आले. आपलेच लोक, सुट्टीपुरते. आता मीही झिजलो, पण त्यात काय राम? मग चेहरा बघून आपोआप उघडणारी काचेची दारं आली. मोठ्या साहेबांनी माझ्या रबरावर ब्लेडने चीर मारून मला बाद केलं. इतकी वर्षं राबलो, त्याचं हे बक्षीस! आईने मला आठवण म्हणून घरी आणलं.

आता मामा भाचीला शिकायला तिकडे न्यायला आलाय.

“अगं, आलोय की!” तो हसत म्हणाला.

“पाहुणा म्हणून! आईला फसवलंस तू.”

“मोठ्यांशी असं बोलतात?” बाबा कडाडले.

मामाची मान खाली गेली. “निघताना खरंच वाटलं होतं गं, परत येईन.”

आईने त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

मित्रांनो, जायचं तर खुशाल जा. पण खात्री नसलेला शब्द मागे ठेवू नका. तो सांभाळण्यात इथे कुणाचं तरी आयुष्य जातं.

मुलगी उठली. तिने मला शोकेसमधून काढलं आणि आईच्या ताटाशेजारी ठेवलं.

“आई, बाबा, मी जाणार. पण ‘परत येते’ असं म्हणून नाही जाणार. आई, माझ्यासाठी जागा सोडू नकोस. आले तर माझी जागा मी करून घेईन.”