पुलाला पाय फुटले

आमच्या जेवणाच्या टेबलावर एक डोंगर राहतो. दुपारी लेक झोपली की मी लॅपटॉप उघडते आणि त्याची तब्येत बघते. उपग्रहाने गेल्या महिन्यात काढलेला फोटो खाली, नवा त्याच्यावर. जमीन जिथे बदलली असेल तिथे लाल उमटतं. कुठे झाडं तोडलेली, कुठे दरड आलेली. बाकी राखाडी, म्हणजे डोंगर सुखरूप.

त्याच्या पायथ्याशी निळ्या पत्र्याची एक शाळा आहे. मी तिथे कधी गेलेली नाही. पण लेक झाल्यापासून माझी नजर आधी त्या निळ्या ठिपक्यावर जाते.

त्या दिवशी लेक काही झोपेना. थोपटलं, गाणी म्हटली, लटकं रागावूनही झालं. शेवटी मलाच पेंग आली आणि ती टक्क जागी. मग तिला सासूबाईंच्या मांडीवर दिलं नि दूध गरम करायला गेले. परत येऊन बघते, तर डोंगराला गोवर! कडे, उतार, नदीचे काठ, सगळं लालेलाल. निळ्या छपराला तर लाल काठच लागलेला.

दुधाची वाटी टेबलावर ठेवून मी ऑफिसातल्या सरांना फोन लावला.

"सर, अख्खा उतार सरकलाय. शाळा रिकामी करायला सांगा, आत्ताच्या आत्ता."

"अख्खा? नदीसुद्धा?"

"नदीसुद्धा."

"आणि पलीकडचा पूल?"

मी बघितलं. "पूलपण सरकलाय, सर."

"कुठल्या बाजूला?"

"उजवीकडे. सगळंच उजवीकडे."

"छान. म्हणजे पुलाला पाय फुटले. थांब हं, आपलं ऑफिस जागेवर आहे का बघतो खिडकीतून."

माझे कान तापले. डोंगर कसला सरकतोय, वरचा फोटोच सरकला होता. बाणाचं बटण दाबलं की तो बाजूला होतो. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या पंख्याकडे बघत होत्या.

"आई, इथे कुणी हात लावला?"

"हिला डोंगर बघायचा होता."

"हिला?"

"मग काय मला? जरा जवळ धरलं, तर या बयेने धपाधप हाणलं. मी लगेच आवरलं हो."

फ्रॉकचं एक बटण चुकीच्या काजात गेलं की पुढची सगळी ओळ वाकडी होते, तशातली गत. लेकीला कडेवर घेऊन मी एका हाताने पुलावर पूल बसवायला लागले. नेमका बसावा म्हणून प्रोग्रॅममधली चाळणी बंद केली. बारीकसारीक लाल ठिपके ही चाळणी एरवी कचरा समजून पुसून टाकते. बाण दाबत गेले तसं लाल ओसरत गेलं. काठ निवले, कडे निवले, छपराचा काठ उतरला.

शाळेच्या वर, झाडांच्या मधोमध, एक लाल कोर तेवढी राहिली. कापलेल्या नखाएवढी.

पूल जागेवर होता. पाण्याची टाकी जागेवर होती. सावली म्हणावी तर दोन्ही फोटो दिवसाच्या एकाच वेळचे. मागच्या महिन्यात तपासलेली फोटोंची जोडी काढली आणि चाळणीशिवाय लावली. तिथेही तीच कोर, फक्त बारीक. चाळणीने तेव्हा ती पुसली होती. आजही पुसलीच असती.

फोनकडे गेलेला हात थांबला.

"काय गं?" सासूबाई.

"परत सांगायला हवं सरांना. पण आत्ताच माझं हसं झालंय. म्हणतील, बाई घरबसल्या डोंगर हलवतात."

"म्हणू देत. ही एकदा उगाच रडली, म्हणून पुन्हा रडल्यावर तू बघायला जात नाहीस होय?"

मी फोन लावला.

"आता कोण निघालं? टाकी?" सर म्हणाले.

"टाकी जागेवर आहे, सर. पूलही. शाळेच्या डोक्यावरची एक कोर तेवढी सरकतेय. महिन्याभरात वाढलीय."

या वेळी ते हसले नाहीत. "चित्र पाठव. मी शाळेला कळवतो."

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. तिथली माणसं वर चढून गेली होती. झाडांच्या आड जमिनीला भेग, गुडघ्यापर्यंत पाय जाईल अशी. मुलांना पुलापलीकडच्या सभागृहात नेलं होतं आणि उताराचा बंदोबस्त होईपर्यंत शाळा तिथेच भरणार होती. मी लेकीला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली.

"आणि पूल कुणी हलवला, लागला का पत्ता?" सरांनी विचारलं.

"लागला, सर. दीड वर्षाची आहे."

"तिला कामावर घेऊन टाकू."

सासूबाई कान देऊन होत्या. "एकटीलाच?" त्या म्हणाल्या.

आता दूध आणायला उठले तरी मी लॅपटॉप मिटून जाते. त्याचा दोघींना राग आला, म्हणून जुन्या लॅपटॉपवर गेल्या वर्षीचा डोंगर काढून दिलाय. आजी-नात मिळून त्याला दुपारभर इकडून तिकडे नेतात. माझ्या डोंगराने जागचं हलू नये, म्हणून मी समोर बसून असते. चाळणी बंद ठेवून.