आम्ही एकमेकांना ओळखत नाही

हुपरीचा जोतीराम आणि कोल्हापूरच्या गुजरीतला सराफ विजयसिंह चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. धंदा मात्र भागीदारीतच होता. जोतीराम पैंजण घडवायचा, विजयसिंह विकायचा. शिवाय जोतीरामची धाकटी बहीण संयोगिता विजयसिंहाला दिलेली, म्हणजे नात्यानं तो दाजी. धंदा मोडावा तर बहिणीच्या संसारावर येतं, आणि न मोडावा तर समोर बसावं लागतं, अशी अडचण.

भांडणाचं कारण मोठं होतं. जोतीरामच्या पोराच्या लग्नात चौकात जो फ्लेक्स लागला, त्यावर शुभेच्छुकांच्या रांगेत विजयसिंहाचा फोटो मांडववाल्याच्या खाली आला. फ्लेक्सचे पैसे मांडववाल्यानंच दिले होते, हे जोतीरामचं म्हणणं. घरच्या जावयाच्या डोक्यावर मांडववाला बसवला, हे विजयसिंहाचं. त्या दिवशी विजयसिंह जेवला, हात धुऊन उठला आणि बोलायचा थांबला. आधी जेवला, ही गोष्ट जोतीरामला फार लागली.

तेव्हापासून सगळं संयोगितामार्फत. मोबाइलवर तिघांचा एक ग्रुप होता. जोतीराम लिहायचा, ‘संयोगिता, त्यांना सांग, माल सोमवारी निघंल.’ लगेच खाली विजयसिंह लिहायचा, ‘संयोगिता, त्यांना विचार, कुठल्या सोमवारी? तारीख टाका म्हणावं.’ संयोगिता ग्रुप उघडूनही बघत नसे. काम होत असे.

यंदा चांदी अशी वर गेली की मागणी बसली. जोतीरामचा कारखाना आठवड्यातले चार दिवस बंद राहायला लागला. घुंगरं जोडणाऱ्या चौदा बायका त्या दिवशीही दारापर्यंत यायच्या, कुलूप बघून परत जायच्या. अशात जाकार्ताच्या एका व्यापाऱ्याचं पत्र आलं. चार हजार जोड पैंजण पाहिजेत. घडवणारा आणि विकणारा, दोघांनी मंगळवारी दुपारी दोनला समोर यावं. बुधवारी त्यानं दुसऱ्यांना बोलावलं होतं. ही ऑर्डर हातची गेली तर कारखाना कायमचा गेला, हे जोतीरामला कुणी सांगायची गरज नव्हती.

संयोगितानं सगळी माहिती काढून ग्रुपवर आवाजी निरोप टाकला. “व्हिसा तिकडं उतरल्यावर विमानतळावरच मिळतोय. पासपोर्ट, परतीचं तिकीट, फी, आणि मागितलं तर त्या व्यापाऱ्याचं पत्र. आणि विचारतील तेवढंच बोला दोघंबी.”

हा शेवटचा सल्ला दोघांनी तंतोतंत पाळला.

पत्र विजयसिंहानं आपल्या बॅगेत घातलं, कारण इंग्रजी त्याला यायचं. नमुन्याचे सहा जोड जोतीरामनं आपल्या पिशवीत ठेवले, कारण घडवले त्यानं होते. पत्राची एखादी झेरॉक्स मागावी, असं जोतीरामच्या मनात आलं होतं. पण मागायचं म्हणजे बोलायला लागलं असतं.

मंगळवारी सकाळी साडेअकराला ते जाकार्ताला उतरले आणि व्हिसाच्या दोन वेगवेगळ्या काउंटरांपुढं उभे राहिले. जोतीरामच्या काउंटरवरची बाई मोबाइलमध्ये आपल्या भाषेत बोलायची, मोबाइल ते हिंदीत सांगायचा, आणि जोतीराम कोल्हापुरी हिंदीत उत्तर द्यायचा.

“एकटे आलात?”

“एकटाच.”

“काय काम?”

“पैंजण दाखवायचेत.”

“बोलावल्याचं पत्र?”

जोतीरामनं शेजारच्या काउंटरकडं बोट केलं. “त्या माणसाकडं हाय.”

“तो तुमचा कोण?”

चार वर्षांची सवय तोंडात बसलेली. “कोण न्हाय,” जोतीराम म्हणाला.

पलीकडं विजयसिंह चांगल्या इंग्रजीत तेच करत होता. पत्रात दोन नावं होती, दुसरा माणूस कुठाय, असं विचारलं तर म्हणाला, कल्पना नाही. नमुने कुठं आहेत, तर म्हणाला, त्या निळ्या पिशवीत. पिशवी कुणाची, तर त्यानं नुसती हनुवटी शेजारच्या काउंटरकडं हलवली.

काउंटरवरच्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि आपापल्या माणसाचा पासपोर्ट मिटला.

दहा मिनिटांत जोतीराम आणि विजयसिंह काचेच्या एका खोलीत, एकाच बाकावर, मध्ये दोन माणसांची जागा सोडून बसले होते. मोठा साहेब आला. एकाच्या पिशवीत चांदी, दुसऱ्याच्या बॅगेत त्या चांदीचं पत्र, आणि दोघांची ओळख नाही. साहेबाला हे आवडलं नव्हतं. त्यानं मोबाइल पुढं धरला. मोबाइल म्हणाला, “ओळख पटली नाही तर व्हिसा नाही. पाचच्या विमानानं दोघं परत.”

सव्वाबारा झाले होते. जोतीराम साहेबाकडं वळला.

“साहेब, त्यांना सांगा, आता तरी नातं कबूल करा म्हणावं.”

“ते तुमच्या शेजारीच बसलेत,” मोबाइल म्हणाला.

“आमचं बोलणं न्हाय.”

“ओळखच नाही, तर बोलणं बंद कसं झालं?”

उत्तर विजयसिंहानं दिलं. “साहेब, त्यांना विचारा, ‘कोण न्हाय’ असं आधी कोण म्हणालं?”

साहेबानं कपाळ चोळलं. भारतातल्या कुणाला तरी फोन लावा म्हणाला. दोघांनी एकाच वेळी फोन काढला आणि एकाच नंबरला लावला. जोतीरामचा लागला.

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. साहेबाच्या मोबाइलनं सगळी हकिकत हिंदीत सांगितली आणि विचारलं, “मॅडम, या दोघांना ओळखता का?”

संयोगितानं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

“न्हाय,” ती म्हणाली.

जोतीराम ताडकन उठला. “ए संयोगिता! अगं, दादा हाय मी!”

“असशील. एकेकट्याचा आवाज चार वर्षं ऐकतीया, त्याच्यावरनं काय कळंना. दोघं एकमेकांशी बोला. वळख पटली तर सांगते साहेबाला. न्हायतर घरला या.”

साहेबानं घड्याळ बघितलं. जोतीरामला कुलूप बघून माघारी फिरणाऱ्या बायका आठवल्या आणि तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, “दाजी...”

“तुमचा दाजी भिंतीत न्हाय,” विजयसिंह म्हणाला. “हिकडं बगून बोला. मला मांडववाल्याच्या खाली घातलासा!”

“पैसं त्यानं दिलतं! तुमी काय दिलासा आहेरात? घड्याळ! तेबी बंद!”

“सेल घालायला लागतोय, पावणं! सेल!”

“आनि अपमान झालता तर चार जिलेब्या कशाला हाणलासा? जेवून उठल्यावर राग आला व्हय?”

“पाचवी वाढली न्हाय म्हणून तर मान वर केली, तवा फ्लेक्स दिसला!”

मग चार वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. शिव्यासुद्धा अहोजाहोत होत्या, कारण नातं मानाचं होतं. काचेबाहेरची व्हिसाची रांग वळून बघायला लागली. साहेबाचा मोबाइल भाषांतर करता करता मागं पडला, अडखळला, आणि नुसतं ‘घड्याळ, घड्याळ’ म्हणून गप्प झाला. साहेबानं तो खिशात टाकला. पुढची पाच मिनिटं त्यानं एक शब्द न कळता सगळं ऐकलं. परक्या माणसाशी कुणी इतकं मनापासून भांडत नाही, हे कळायला त्याला भाषा लागली नाही.

“व्हय साहेब,” फोनमधून संयोगिता म्हणाली. “आमचंच हायत.”

तोवर साहेब दोन्ही पासपोर्ट घेऊन काउंटरकडं निघाला होता.

फी भरताना दोघं भांडत होते, शिक्का पडताना भांडत होते. टॅक्सीवाल्यानं आरसा दोनदा फिरवून बघितला. व्यापाऱ्याकडं पोचायला दोन वाजून दहा मिनिटं झाली. त्यानं पैंजण कानाशी वाजवून बघितले, घुंगरं नखानं ओढून बघितली आणि आत्ता अडीच हजार जोडांची ऑर्डर दिली. उरलेल्याचं डिसेंबरात बघू म्हणाला, पुन्हा दोघं या. दीड हजार जोड त्या दहा मिनिटांत कुणी घालवले, हा विषय मुंबईपर्यंत पुरला आणि कराडपर्यंत उरला.

कारखाना रोज उघडायला लागला. चौदा बायका आत बसून घुंगरं जोडायला लागल्या.

डिसेंबरचं तिकीट काढायला दोघं राजारामपुरीतल्या ट्रॅव्हलवाल्या पूर्णिमाकडं गेले. तिकिटाला कुणी तरी एकानंच जावं, असं संयोगितानं सुचवून बघितलं होतं. पण दुसऱ्याला एकट्याला सोडायची दोघांपैकी एकाचीही छाती झाली नाही. विजयसिंहानं शेजारशेजारच्या सीट मागितल्या.

“बरं झालं,” पूर्णिमा म्हणाली. “गप्पा मारत जाल.”

“गप्पा कसल्या?” जोतीराम म्हणाला. “लांबनं भांडलं की घसा बसतोय.”