नव्या दारामागे

मी एक जुने, पण अगदी कोरे यंत्र आहे. मित्रांनो, हसू नका. माणसांच्या हाडांचे फोटो काढायला माझा जन्म झाला आणि आजवर मी एकही फोटो काढलेला नाही.

कारखान्यातल्या कारागिराने निरोप देताना माझ्या पाठीवर थाप मारली होती. मार्चच्या शेवटी मी या सरकारी दवाखान्यात उतरले. आलेले पैसे मार्च संपण्याआधी खर्ची पडले नाहीत तर परत जातात आणि पुढच्या वर्षी सरकारचा हात आखडतो, म्हणून माझी घाईघाईने खरेदी झाली. जाड भिंतींची माझी खोली तेव्हा बांधूनच झाली नव्हती. "तात्पुरतं कोठीत ठेवा," मोठे डॉक्टर म्हणाले. फीत कापली गेली, टाळ्या वाजल्या आणि मी मोडक्या खाटांशेजारी जाऊन बसले.

वर्षभरात खोली तयार झाली. पण त्या पुढच्याच मार्चमध्ये दारांचे पैसे आले. तेही परत जाऊ नयेत म्हणून दवाखान्याला सरसकट एकाच मापाची दारे बसली, कोठीलासुद्धा. ते दार माझ्यापेक्षा चार बोटे अरुंद निघाले.

मला चालवायला नेमलेल्या ताई आल्या, त्यांनी दार पाहिले, मला पाहिले आणि दोन्हींची रुंदी वितीने मोजली. "हे आत गेलं कसं?"

"गेलं तेव्हा दार मोठं होतं, ताई," शिपाईकाका म्हणाले.

ताई रोज माझी धूळ पुसत आणि चौकट फोडा म्हणून इंजिनिअरसाहेबांच्या मागे लागत.

"दार नवं आहे हो. पाच वर्षं त्याला हात लावता येत नाही."

"मग मशीन बाहेर कसं काढू?"

"ते मला विचारू नका. माझ्याकडे फक्त दारं."

सुजलेला हात धरून एक गवंडीणबाई आल्या. ताईंनी त्यांना रस्त्यापलीकडच्या, हाडांचे फोटो काढणाऱ्या खाजगी दुकानात पाठवले. माझ्या जिवावर ते दुकान चांगले बाळसे धरून आहे. बाईंची दिवसाची मजुरी तिथेच गेली. मला फार लाज वाटली.

मग वरून हुकूम आला: यंत्र मार्चपर्यंत सुरू झाले नाही तर ते चालवणाऱ्याचे पद रद्द. ताईंनी आणि काकांनी मला तिरके केले, आडवे केले, ढकलले. मी दारात अडकले आणि पुन्हा आत आले. पद रद्द झाले आणि शेवटच्या दिवशी ताईंनी माझ्या पाठीवर, त्या कारागिराने मारली होती तिथेच, थाप मारली. "तुझा काही दोष नाही," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

आज पुन्हा मार्चचा शेवट आहे. जुने वापरात नाही म्हणून नवे यंत्र आले आहे. ते माझ्यापेक्षा सडपातळ, त्यामुळे या वेळी नव्या दारातून थेट जाड भिंतींच्या खोलीत गेले. फीत कापली, टाळ्या झाल्या. मग शिपाईकाकांचा आवाज आला, "साहेब, पण हे चालवणार कोण?"

टाळ्या थांबल्या आहेत. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. तुम्ही बाहेर आहात, तुम्ही तरी ताईंना बोलावून आणा.