फटीतला अकरा

ज्याने ही पृथ्वी उलगडली आणि जो एके दिवशी तिची घडी घालून आपल्या उराशी ठेवील, त्या विश्वंभराला आधी नमस्कार. त्याच्या वाटेचा नकाशा कोणी छापलेला नाही, तरी चुकलेले पाऊलही अखेर त्याच्याच दारी पोचते, असे थोर सांगत आले. त्याच दारी ही जीर्ण काया ठेवून चार शब्द बोलतो.

मी एक नकाशा बोलतोय. घडीचा नकाशा. चोवीस तुकडे, एक कापड, आणि जागच्या जागी चुळबुळ करण्याचा जन्मजात स्वभाव. ज्याच्या सर्वांगावर रस्तेच रस्ते, त्याला स्वस्थता कोठून लाभावी?

माझा जन्म दगडावर झाला. छापखान्यातल्या गुळगुळीत शिळेवर सारा मुलूख उलटा रेखाटलेला होता. कागदावर तो सुलट उमटला तेव्हा मी डोळे उघडले. पुढे एका लांब टेबलाशी बसलेल्या बायकांनी मला रंगवले. निळ्या रंगाची बाई जन्मभर नद्या रंगवीत आली होती. समुद्र मात्र तिने पाहिला नव्हता. रंग वाळला, मी जरा फुशारलो, आणि सुरी आली! माझे चोवीस तुकडे झाले. ते खळ लावून तलम कापडावर ओळीने चिकटवले गेले, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये गव्हाच्या दाण्याएवढी फट राखली गेली, घडी पडावी पण कागद तुटू नये म्हणून. त्या फटीत ना नदी, ना डोंगर. नुसते कापड. त्या रित्या जागेची मला तेव्हा लाज वाटे.

माझ्याबरोबर माझी ताई जन्मली. प्रवासाची मार्गदर्शिका, लाल कापडी बांधणीची, तळहातापेक्षा थोडी मोठी. तिच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून खिसा होता, तेच माझे घर. तिला बोलता येई, मला दाखवता येई. एकमेकांवाचून दोघेही अर्धे.

आमचा पहिला धनी एक शाळामास्तर. त्याची बदली डोंगरापलीकडच्या शाळेत झाली. बायको, चार वर्षांची मुलगी आणि आठ महिन्यांचे बाळ घेऊन तो भाड्याच्या घोडागाडीने निघाला. मास्तरची एक खोड होती. वाटेत काही घडले की माझ्यावर त्या जागी पेन्सिलीने फक्त आकडा टाकायचा, आणि त्या आकड्याची हकीकत ताईच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहायची.

"नकाशावर बडबड करू नये," तो बायकोला म्हणाला. "इथे नुसता आकडा. बोलायचं ते पुस्तकात."

"शाळेतले तास पुरत नाहीत वाटतं? हळू बोला. मुलं आत्ताच झोपलीत."

चौथ्या आकड्यापुढे त्याने लिहिले, 'येथील चहा पिऊ नये.' सातव्यापुढे, 'छत्री विसरलो. परत गेलो. मिळाली नाही.' दहा आकडे झाले. मी अंगभर गुदगुल्या झाल्यासारखा सुखात होतो.

मग बाळाला ताप भरला.

मास्तरने मला गुडघ्यावर पसरले. जवळचे शहर शोधत त्याचे बोट रस्त्यांवरून धावू लागले. मी त्याला नदीकडची वाट दाखवली, पूल दाखवला. पूल ओलांडला की शहर दोन तासांवर. गाडी भरधाव निघाली. काठावर पोचून पाहतात तो पूल नाही. मी छापला गेलो त्यानंतरच्या एका महापुरात तो वाहून गेला होता. मी खोटे बोललो नव्हतो. पण ज्याने माझ्यावर विश्वास ठेवला त्याला या खुलाशाचा काय उपयोग? वळसा घेण्याइतका वेळ बाळापाशी उरला नव्हता.

नदीकाठी, वाटेच्या कडेला, त्यांनी बाळाला भूमीच्या स्वाधीन केले. मास्तरने पेन्सिल काढली, पण हात थांबला. "जागा नेमकी फटीत येतेय. इथे छापलेलं काहीच नाही."

बायकोने फटीवर बोट ठेवले. "मग फटीतच लिहा."

त्याने कापडावर बारीक अकरा काढला. ताईच्या पानावर लिहिले, 'बाळ इथे निजले. दगडी कठडा, दोन झाडे, पाण्याचा आवाज.' त्यानंतर त्याने आकडा टाकला नाही. आम्ही दोघे ट्रंकेच्या तळाशी गेलो आणि आम्ही तेथे असतानाच मास्तरचे आयुष्य सरले.

अंधारात मी कितीदा तो पूल पुन्हा पुन्हा आठवला असेन! पश्चात्ताप करायला पाय लागत नाहीत. नाहीतर मी केव्हाच उठून चालू लागलो असतो.

मास्तर गेल्यावर घर आवरले गेले. मुलगी लग्न होऊन दूर होती. नातलगांनी पुस्तके वजनावर रद्दीत दिली, आणि रद्दीवाल्याकडून आम्हांला उचलले एका निवृत्त तारमास्तरने. जुने घडीचे नकाशे आणि जुन्या प्रवासदर्शिका गोळा करणे हा त्याचा ध्यास. प्रत्येक घडी बोटाने तपासायचा, म्हणून गल्लीत त्याला घडीकाका म्हणत. भिंतभर कपाटे, कपाटांत उथळ कप्पे, कप्प्यांत पातळ कागदात गुंडाळलेले आम्ही. चष्म्यावर भिंग लावून तो तासन्‌तास नद्यांच्या उगमापर्यंत जाई, आणि काकूंनी भाजी आणायला सांगितली की मात्र त्याचे गुडघे दुखत.

"अहो, घरात साऱ्या जगाचे रस्ते," काकू म्हणत, "आणि तुम्ही आयुष्यात बाजाराच्या पलीकडे गेला नाहीत!"

"अगं, जाणारे नकाशे फाडतात. मी जपतो."

माणूस वाईट नव्हता. आम्हांला तो फुलासारखे हाताळी. पण त्याला डाग खपत नसे. ताई नीटनेटकी राहिली होती, तिच्यावरचे लिखाण एका शेवटच्या पानापुरतेच. मी मळकट, आकड्यांनी भरलेला. एकदा त्याला आमच्याच आवृत्तीची, वाळवीने खाल्लेली दुसरी मार्गदर्शिका मिळाली. तिच्या खिशातला नकाशा कोराकरकरीत, कधीच न उलगडलेला. घडीकाकाने त्याला ताईच्या खिशात बसवले, मला बाहेर काढले, आणि ताईच्या वेष्टनावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी डकवली, 'नकाशा मूळचाच.' संग्राहकांच्या मेळाव्यात हीच जोडी मांडायची, असे त्याने साऱ्यांना कळवूनही टाकले.

मला दुय्यम कप्पा मिळाला. ताई दोन हातांवर, आणि मध्ये लाकडाची फळी. दुपारी कपाट तापले की माझे तुकडे कुरकुरत. मी घडीतल्या घडीत कूस बदलू पाही. त्यातच एके सकाळी घडीकाका रबर घेऊन बसला. मला विकायचे तर स्वच्छ करायला हवे होते. एक गेला. दोन गेला. न पिण्याजोगा चहा गेला, हरवलेली छत्री दुसऱ्यांदा हरवली. दहापर्यंत त्याचा हात हलका होता. अकरावर मात्र रबर नुसते घसरत राहिले. पेन्सिल कापडाच्या विणीत शिरली होती.

"हा डाग हट्टी दिसतोय," तो पुटपुटला. "बाइंडरला सांगून कापडच बदलून घेऊ."

कापड बदलायचे म्हणजे मला पाण्यात भिजवून, पाठ सोलून, नव्या कापडावर चढवायचे. माझ्यावर उरलेला एकच आकडा जुन्या कापडाबरोबर चिंधीच्या टोपलीत जाणार होता. मी फडफडलो, पण नकाशाची फडफड म्हणजे लोकांना वारा वाटतो. घडीकाका उठून खिडकी लावून आला.

ठरल्या दिवशी बाइंडर आला, आणि त्याच्यामागे काठी टेकत एक म्हातारी.

"काका, या आजी दुकानोदुकानी एक लाल पुस्तक शोधत फिरतायत," बाइंडर म्हणाला. "मागच्या पानावर वडिलांच्या हातचे अकरा आकडे. मला एकदम तुमचंच आठवलं. म्हटलं, नकाशा न्यायला यायचंच आहे, त्यांनाही घेऊन येतो."

काकूंनी खुर्ची पुढे केली. घडीकाकाने ताईला बाहेर काढले. मी तेव्हा दोन पुठ्ठ्यांत दाबला जाऊन बाइंडरच्या पिशवीत पडलो होतो. ऐकत होतो, पण दिसत काही नव्हते.

म्हातारीने पान उलटल्याचा आवाज आला. मग ती हसली. "छत्री! आई मरेपर्यंत त्या छत्रीवरून बाबांना टोमणे मारायची." मग पानावरून बोट सरकल्याचा आवाज. "अकरा. भाऊ, मी तेव्हा चार वर्षांची होते. जागा आठवत नाही, आईचा पदर तेवढा आठवतो. आता हातपाय चालतायत तोवर एकदा तिथे जाऊन बसायचंय. नकाशा काढता का?"

कोऱ्या कागदाचा करकरीत आवाज झाला.

"हा आमचा नाही," ती म्हणाली.

"आजी, त्याच आवृत्तीचा आहे. उलट जास्त सुंदर."

"सुंदर असेल हो. पण हा कुठे गेलेलाच नाही."

चिठ्ठीवरचे घडीकाकाचे सुवाच्य अक्षर त्याच्याकडे पाहत असणार. त्याने ओठ मिटून ठेवले असते तर प्रश्न मिटत होता. ती उठून गेली असती, मेळाव्यात जोडी झळकली असती, आणि मी संध्याकाळपर्यंत पाण्यात. पिशवीत मी देवाचा धावा केला. तेहतीस कोटींपैकी जो कोणी कागदांचा सांभाळ करीत असेल, त्याने या माणसाची जीभ हलवावी!

म्हातारीने पुस्तक मिटले. काठी टेकल्याचा आवाज आला.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "तुमचे कान लाल झालेत."

"थांबा," घडीकाका म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "ती चिठ्ठी खोटी आहे. तुमचा नकाशा मी काढून ठेवला. आणि... त्याच्यावरचे आकडे मीच खोडले. स्वच्छ करायला म्हणून."

पुठ्ठे सुटले. उजेड आला. मी म्हातारीसमोर उलगडलो, आणि माझ्या अंगावर एकही आकडा दिसत नव्हता. ती वाकली. "सगळे?"

"सगळे," घडीकाका खाली मान घालून म्हणाला.

तेवढ्यात बाइंडरने मला तिरपे धरले. कापड पाहण्याची त्याची जन्माची सवय. कागद तो नंतर पाहतो. "सगळे नाहीत काका. हा तुमचा हट्टी डाग बघा. इथे, फटीत. डाग नाहीये हा. अकरा आहे." आणि मग दचकून, "हे कापड मी आज सोलून फेकणार होतो!"

म्हातारीने नखाने तो आकडा चाचपला. घडीकाकाने चिठ्ठी उचकटली, कोरा नकाशा ताईच्या खिशातून काढला आणि मला आत सरकवले. ताईचा तो जुना, जरा उसवलेला खिसा! जन्मात पहिल्यांदाच मला हलावेसे वाटले नाही.

"जोडी तुमची आहे आजी. न्या."

"नेईन. पण मला नकाशा वाचता येत नाही, भाऊ. तुम्ही येता?"

"हे?" काकूंनी पदर तोंडाला लावला. "यांचे गुडघे बाजारापर्यंत सुद्धा..."

"येतो," घडीकाका म्हणाला.

आठ दिवसांनी, ज्या सकाळी मेळावा भरायचा होता त्याच सकाळी, आम्ही निघालो. माझ्यावरची नखाएवढी जागा म्हणजे जमिनीवरची पाऊण हजार पावले. आकडा जागा सांगतो, पाऊल नव्हे. म्हणून उरलेले काम ताईने केले. 'दगडी कठडा, दोन झाडे, पाण्याचा आवाज.' घडीकाका दुखऱ्या गुडघ्यांनी नदीकाठ तीनदा वरखाली चालला. झाडे नव्हती. एका वळणावर मात्र दगडांवर आपटणाऱ्या पाण्याचा आवाज चढला, आणि तेथेच गवतात अर्धा बुडालेला कठडा होता. म्हातारी त्यावर टेकली. तिने गवतावरून हात फिरवला, झोपलेल्या लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

मी उलगडून तिच्या मांडीवर होतो. समोर पाहिले तर पूल! ज्या जागी मी तो जन्मभर चुकीचा दाखवीत आलो, त्याच जागी नवा बांधलेला होता. माणसे त्यावरून ये-जा करीत होती. माझा अपराध त्याने पुसला नाही. पण मला तो पाहता आला.

"भाऊ, पेन्सिल आहे?" म्हातारीने विचारले. "माझा हात हलतो. तुम्हीच लिहा."

ज्या हाताने दहा पुसले त्याच हाताने घडीकाकाने माझ्या फटीत, अकराच्या शेजारी, बारा लिहिला. मग ताईचे पान उघडले. "काय लिहू?"

"लिहा, 'ताई येऊन गेली.'"

आता मी म्हातारीच्या उशाशी, ताईच्या खिशात असतो. पण खोटे कशाला बोलू? चुळबूळ संपलेली नाही. घडीकाका परतल्यापासून एकेक कप्पा उपसून, आपणच वेगळ्या केलेल्या जोड्या पुन्हा जुळवीत बसला आहे. चार जुळल्या. तीन नकाशांची पुस्तके सापडत नाहीत. ते तिघे त्या अंधारात कसे तळमळत असतील, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक? म्हणून बाबांनो, घरात कोठे मागचा खिसा रिता असलेले जुने पुस्तक असेल, तर ते रद्दीत घालू नका. आणि जुन्या कागदावर कोणाची खूण दिसली, तर रबर उचलण्यापूर्वी क्षणभर थांबा.

हे विश्वंभरा, ही कहाणी जो वाचील, जो ऐकेल, जो ऐकताना डुलकी घेईल, त्या साऱ्यांवर तुझी छाया असो. प्रत्येक घरातून निघालेला सुखरूप परतो. ज्याला परतता आले नाही, त्याच्यापाशी त्याचे कोणीतरी एकदा पोचो. आजारी लेकराच्या वाटेवरचा पूल सदैव उभा राहो.