मांडवातली केळ

“अगो, जरा लांब बस की! सकाळधरनं त्या केळीवर डोळा ठेवून बसलीस!” काशीबाई मांडवातून खेकसली, तशी तानी आणखी मागे सरकली.

काशीबाई नवऱ्या मुलीची आत्या. कोळगावच्या महादूच्या मुलीचं, लाडकीचं आज गोरज मुहूर्तावर लग्न होतं. मुलगा वैतरणेपलीकडचा, तारापूरच्या नव्या वीजघराच्या कामावर फिटर. वऱ्हाड दुपारच्या गाडीने पालघरला उतरायचं होतं. ऊन कलायला आलं तरी त्याचा पत्ता नव्हता.

तानीच्या डोंगरातल्या घरात वैशाखात दाणा उरत नसे. मग ती खाली उतरून लग्नघरं धुंडाळी. मांडवाच्या दाराशी खड्ड्यात रोवलेल्या केळी लग्न उरकलं की तिच्या, हे गावाने मान्य केलेलं. एरवी लोक त्या गुरांपुढे टाकत. तानी बुंध्याचं एकेक सोपट सोलून आतला पांढरा गाभा काढी, त्याच्या चकत्या करी, निघणारे दोरे बोटाला गुंडाळून ओढून टाकी आणि मूठभर तुरीबरोबर शिजवी. पोरांची पोटं भरत. आज मात्र तूरही संपली होती, आणि पोरं वाटेकडे डोळे लावून बसली असणार.

मांडवातले वाजंत्रीवाले वाद्यं मांडीवर घेऊन रस्त्याकडे बघत होते. हे लग्न मोडलं तर केळी आत्ताच मिळतील, असं तानीच्या मनात येऊन गेलं आणि तिला स्वतःचीच किळस आली. ‘येऊ दे रे देवा त्यांना,’ ती पुटपुटली.

सायकलची घंटी वाजली. लाडकीचा भाऊ चिंतू स्टेशनावरून परत आला होता. घामाने निथळत तो बापासमोर उभा राहिला.

“बाबा, ते येत नाय. पोराने काल तिकडंच दुसरीशी लगीन लावलं. त्यांचा मानूस गाडीने येऊन सांगून गेला.”

महादू तरातरा दाराशी गेला, दोन्ही हातांनी एक केळ उपटली आणि तानीच्या अंगावर भिरकावली.

“घे! याचीच वाट बघत व्हतीस ना? झालं तुझ्या मनासारखं!”

तानीने केळ उचलली, परत खड्ड्यात उभी केली आणि टाचेने माती दाबू लागली.

“पोरीच्या दारातली केळ अशी पाडू नये, दादा. मला नको ती.”

ती जायला वळली, तेवढ्यात लाडकी बाहेर आली. कपाळाला मुंडावळ्या तशाच, अंगावर कोरी पिवळी साडी, हातात विळा. काशीबाई तिला आत ओढू लागली, पण तिने हात सोडवून घेतला.

“मावशी, पोरं उपाशी असतील ना?” तिने केळ आडवी केली आणि विळा तानीपुढे धरला. “तू सोल, मी धरते.”

“नको गो बाय. चीक उडेल. तो साडीवरनं कदी जात नाय.”

“उडू दे.”

लाडकी मांडी घालून मातीत बसली आणि तिने ओला बुंधा मांडीवर घेतला. तानी सोलू लागली. पिवळ्या साडीवर चिकाचे थेंब पडत राहिले.