आकृती तीनमधला हात

लहान मुलांना उघडता येणार नाही असं औषधाच्या बाटलीचं झाकण माझ्या भावानं, वेंडेलनं शोधून काढलं. पेटंटच्या आकृती तीनमध्ये झाकण दाबून फिरवणारा हात आमच्या आईचा. ते चित्र तिच्या स्वयंपाकघरात फ्रेम करून लावलं होतं.

पुढे संधिवातानं तिची बोटं वाकडी झाली. "वेंडेल, औषधवाल्याला साधं झाकण द्यायला सांग ना रे."

"माझ्याच आईला माझं झाकण उघडेना? अख्खं अ‍ॅक्रन शहर हसेल मला!"

मीही मूर्खासारखी त्याचंच ऐकत राहिले.

एका मंगळवारी तिच्या छातीत कळ आली. आम्ही पोचलो तेव्हा ती फ्रेमखालीच गार पडली होती. हातातली हृदयाच्या गोळ्यांची बाटली बंदच होती, झाकणावर दातांच्या खुणा होत्या. बोटं मात्र अगदी आकृतीत दाखवलेल्या जागी होती.